देवराव भाऊजींचा युरोप

देवराव भाऊजींना कोणतीही गोष्ट आधी चारचौघांत सांगितल्याशिवाय करताच येत नसे. सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडला तोही माझ्या लग्नाच्या मांडवात, हातात माईक घेऊन. नवरदेव मी होतो, पण टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या. विहीर खणण्याआधी पाणी लागेल म्हणून टपरीवर सांगून मोकळे, आणि घराचा पाया भरायच्या आधीच वास्तूचं जेवण सांगून आलेले. विशेष हे की यातलं सगळं त्यांनी करून दाखवलं. "पोटात ठेवलं का माणूस ढिला पडते," ते म्हणत. "चार लोकायले सांगतलं म्हणजे मंग कराच लागते."

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. राजूरकडच्या कोळसा खाणीतली नोकरी संपवून ते वणीत स्थायिक झाले होते. शेतात कपाशी आणि तूर, शर्टाच्या खिशात कायम एक कंगवा, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी आले की ताई चहाचं आधण ठेवी. मी त्याच गावात शाळामास्तर. त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो.

त्या दिवाळीत फराळाला जमलेल्या सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर केलं, "डिसेंबरात मी आन तुमची ताई युरोपले जाऊन राह्यलो." ताईच्या हातातली चकलीची ताटली तशीच राहिली. तिलाही हे तेव्हाच कळत होतं. कधीतरी टीव्ही बघताना ती म्हणाली होती की बर्फ हातात धरून बघावासा वाटतो. एवढ्यावर त्यांनी चार देश काढले. नाताळच्या सुट्ट्यांत तिकडे फार गर्दी असते, सगळं महाग असतं, असं मी म्हटलं तर म्हणाले, "रिकामं गाव पाह्यले कोन जाते? यात्रेच्या टायमालेच गाव पाहाव."

मग दर रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप आणि आम्ही तिघं. टूर कंपनीचं नाव काढलेलं त्यांना खपत नव्हतं. "ते लोक झेंडा दाखवून गुरावानी हाकलते," म्हणायचे. सुरुवातीला त्यांना दहा शहरं हवी होती. ताई म्हणाली, "मले चारच द्या, पण तिथं बसाले वेळ द्या." तेव्हा पॅरिस, झुरिक, व्हेनिस आणि रोम उरली. तारखा कपाशीनं ठरवल्या. दुसरी वेचणी आटोपली की निघायचं आणि तूर कापणीला यायच्या आत परतायचं. एकदा शाळेत मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. "सुधाकर, नाताळच्या दिवशी तिकडं हॉटेलं बंद राह्यते म्हणते. त्या दिवशी आमी रेल्वेतच राहू." मी म्हटलं, त्या दिवशी रेल्वेही कमी असतात. जरा विचार करून म्हणाले, "मंग तुह्या ताईले सांग, चिवडा जास्त कर."

मुंबईला जाऊन दोघंही व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आले. पासपोर्ट तिकडेच होते, आणि इकडे खाणीतले त्यांचे जुने सोबती बंडूभाऊ यांनी सत्काराची तयारी सुरू केली. चौकात फ्लेक्स लागला. भाऊजींनी जन्मात न घातलेला कोट त्यांच्या अंगावर, मागे आयफेल टॉवर आणि वर 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. आधी व्हिसा हाती येऊ द्या, असं मी दबकत म्हणालो होतो. "आता बोललो ना बाप्पा," एवढंच उत्तर मिळालं. मग मीही मुकाट्यानं फ्लेक्सचा मजकूर तपासून दिला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सत्कार झाला. हार, शाल, श्रीफळ, माझं भाषण. माईक हातात आल्यावर तासभर न सोडणारे भाऊजी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. मला वाटलं, गहिवरले.

सकाळी मी त्यांना नागपूरच्या विमानतळावर सोडायला निघालो. गल्लीतली माणसं हात हलवायला उभी होती. वरोरा मागे पडल्यावर भाऊजी म्हणाले, "गाडी बाजूले घे." मी घेतली. समोरच्या काचेकडे बघत ते म्हणाले, "पासपोर्ट काल दुपारीच आले. नाई म्हनलं त्याइनं."

"काय कारण दिलं?"

"म्हनते, हा माणूस वापस येईन याचा भरोसा नाही. माही कपाशी उभी हाये इथं. मी कायले तिथं राहीन?"

मागून ताई म्हणाली, "मी कालच म्हनलं होतं, स्टेजवर सांगून टाका. मले त काही लाज नाही. मी कुठं बोलली होती गावाले?"

"हार गळ्यात असताना कसं सांगू?" भाऊजी म्हणाले.

मी म्हटलं, घरी जाऊ, लोक समजून घेतील. व्हिसा कुणाचाही नाकारला जातो. त्यांनी मान हलवली. "चौकात माहा फोटो लागला हाये. त्याच्याखालून मी पायी कसा जाऊ?" आणि खाणीत उभी हयात काढलेला तो माणूस माझ्यासमोर रडायला लागला.

झरी जामणीकडे जंगलातल्या एका गावात मारोती टेकाम नावाचा त्यांचा खाणीतला सोबती राहत होता. परतीच्या तारखेपर्यंत तिथं राहायचं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. तिकडे जायचं तर वणीवरूनच मागे यावं लागत होतं. बायपास जवळ आला तसे भाऊजी मागच्या सीटवर आडवे झाले आणि अंगावर चादर ओढून घेतली. ताई पुढे माझ्या शेजारी येऊन ताठ बसली. मला त्या क्षणी भाऊजींची लाज वाटली, आणि तशी ती वाटली याची त्याहून जास्त वाटली.

पुढचे दिवस मी खोटं बोलत काढले. शाळेत, दुकानात, जो तो विचारी, "पोहोचले का?" पॅरिस झालं, आता झुरिकला आहेत, थंडी फार आहे, असं मी आमच्या रविवारच्या बेतानुसार सांगत सुटलो. वर्गात शिरलो की मुलांच्या डोळ्यांकडे बघवत नसे.

भाऊजी ठरल्या दिवशी परतले. टपरीवर बसून बर्फाचं, नाताळच्या दिव्यांचं, बंद हॉटेलांचं सगळं सांगितलं. एवढ्या रविवारांनंतर चुकायचं काही कारणच नव्हतं. लोकांनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर मला म्हणाले, "एकानंबी फोटो दाखव म्हनलं नाही. जळते साले." मीही मान डोलावली.

महिन्याभरानं बंडूभाऊंनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, तुमच्या ताई तिकडं झरीकडच्या मुकुटबनच्या बाजारात वांग्याचा भाव करत होत्या. माह्या पुतणीनं पाह्यलं. तवाच गावाले मालूम झालं. मंग आमी ठरवलं, फोटो कोनं मांगायचा नाही." ते हसून म्हणाले, "तुमी बी झुरिकची थंडी चांगली सांगत होते. पन भाऊले बोलू नका बरं." मी बोललो नाही. गाव जळतं, असंच मी भाऊजींना वाटू दिलं.

त्यानंतर भाऊजींनी कधी काही आधी सांगितलं नाही. टपरीवर जाणंही कमी झालं. शेतात ठिबक सिंचन केलं ते पाईप पडल्यावर मला कळलं. कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन बसत. ताई म्हणायची, "घरात आवाज नाही राह्यला." पुढच्या वर्षी छातीत दुखून ते गेले. दुखणं दोन दिवसांपासून होतं, पण त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

शोकसभेला सभागृह भरलं होतं. बंडूभाऊ माईकसमोर उभे राहिले. "देवराव जे म्हनला ते त्यानं केलं. खर्रा सोडतो म्हनला, सोडला. विहीर करतो म्हनला, केली. युरोप पाहून येतो म्हनला," इथं त्यांनी भाऊजींच्या फोटोकडे पाहिलं, "पाहून आला." सभागृहात खरं माहीत नसलेला एकही माणूस नसावा. कुणी चुळबुळ केली नाही, कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं नाही. मी खाली बघत राहिलो.

घरी जाताना ताईनं विचारलं, "सुधाकर, बंडूभाऊले मालूम होतं का रे? त्याहीनं माह्याकडं पाह्यलंच नाही."

"सगळ्यांनाच माहीत होतं ताई. तुम्ही परत यायच्या आधीपासून."

ती चालता चालता थांबली.

"मंग याच लोकायपासून," ती म्हणाली, "आमी तिथं लपून बसलो होतो का?"