सही करायची सवय

वसुधा किबे म्हणजे आमच्या नर्सिंग कॉलेजातली सगळ्यांत खडूस मॅडम, असं पोरी म्हणायच्या. खडूस कसली! एकवीस वर्षं एकच घोकून घेतलं तिनं: नोंद केली की खाली तारीख, वेळ, सही. सही नाही तर काम झालंच नाही.

नव्या प्राचार्य मॅडम आल्या आणि हात धुऊन तिच्या मागे लागल्या. वर्गात मुलींसमोर "किबे, समझ में नहीं आता क्या?" म्हणायच्या. तास काढून घेतले. स्टाफरूममधली तिची खुर्चीसुद्धा उचलून नेली. वसुधा खिडकीच्या कट्ट्यावर बसून डबा खायची, आणि आम्ही तेरा जणी खुर्च्यांवर बसून भाजी कशी झालीय ते सांगायचो. लाज कशी वाटली नाही मला मेलीला!

मग बाहेरून जुई नावाची एक संशोधक मुलगी आली. शिक्षिकांचा कामावर किती छळ होतो, ते तिला मोजायचं होतं. बावीस प्रश्न. अपमान होतो का, होताना पाहिलात का? कधीच नाही, कधीकधी, रोज. नाव लिहायचं नव्हतं.

"वसुधा, आता सोडू नकोस, लिही," मी म्हटलं. मोठी शूर मी! स्वतःच्या कागदावर मात्र सगळीकडे 'कधीच नाही'वर खूण केली. आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या वर्षावर्षाच्या, मार्च तोंडावर आलेला.

कागद गोळा करायला मलाच सांगितलं होतं. वसुधाचा हातात आला. सगळीकडे 'रोज'. आणि खाली, सवयीनं, तारीख, वेळ, ठसठशीत सही. अगं बये, हे काय केलंस! मी खोडणार, तेवढ्यात प्राचार्य मॅडम दारात आल्या. "लाइए, मैं भिजवा दूँगी." मी मुकाट्यानं गठ्ठा दिला.

मार्चमध्ये वसुधाची नोकरी गेली. जूनमध्ये जुईचा अहवाल आला: चौदा कागद, नाव उघड झाल्यामुळे एक बाद, उरलेल्या तेरांत छळ शून्य.

तो घेऊन मी कोटऱ्याला तिच्या घरी गेले. तिनं दोनदा वाचला.

"माझाच मोजला नाही होय," ती म्हणाली. मग हळूच, "प्रतिभा, तू काय लिहिलं होतंस गं?"

"कधीच नाही," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

तिनं आतून खुर्ची आणली, "बस" म्हणाली, आणि स्वतः उभीच राहिली.