मावशींच्या वांझ लेकी

आमच्या प्रयोगशाळेत फळमाश्या सांभाळणाऱ्या बाईंना सगळे माशीमावशी म्हणत, अगदी तोंडावर. कुणी नुसतं 'मावशी' म्हणालं, तर त्या विचारत, "काय काम काढलंस?"

कपाटातल्या एका बाटलीवर त्यांचा फार जीव. तिच्यातल्या माश्यांचे पूर्वज फार जुन्या काळी पकडलेले. त्यानंतर बाहेरच्या माश्यांमध्ये काहीतरी शिरलं. जनुकांचा एक भटका तुकडा. स्वतःच्या नकला काढत उड्या मारणारा, पिल्लांबरोबर पुढे जाणारा. बघता बघता रानातली, बाजारातली, आमच्या खिडकीतल्या केळ्यावरची एकूण एक माशी त्याने गाठली. ही बाटली तेवढी सुटली. निवृत्तीआधी ती तशीच पुढच्या माणसाच्या हाती द्यायची, एवढंच मावशींना हवं होतं.

अधूनमधून त्या तपासून बघत. बाटलीतल्या कोवळ्या माद्यांना खिडकीतले नर द्यायचे. आईकडे तुकडा नसला आणि बापाकडून आला, की तो लेकींच्या पोटात धुमाकूळ घालतो. खोली उबदार असली तर त्या वांझ निपजतात. मग मावशी सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून ओरडत, "नातवंडं नाहीत गं! घराणं शाबूत!" त्यांचा तो आनंद ऐकून माझ्या अंगावर काटा येई.

नंतर त्या लेकी स्पिरिटमध्ये बुडवायच्या, असा नियम. मावशींच्याने ते होत नसे. लेकींना त्या गुपचूप त्याच जुन्या बाटलीत सोडत. वांझच त्या, काय बिघडवणार? मावशींची माया ही अशी, नको तिथे उतू जाणारी.

त्या हिवाळ्यात खोलीचा हीटर बंद पडला. दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणाला आणि त्याचा उद्या काही उजाडेना. गारठलेल्या बोटांनी मावशींनी त्या खेपेला लेकी तपासल्याच नाहीत. दरवेळी वांझ निघतात, आताही असतील, म्हणून सोडून दिल्या. थंडीत तो तुकडा गप्प बसतो, हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

उन्हाळ्यात पुन्हा तपासणी झाली. खोली चांगली तापलेली. मावशी खूप वेळ बघत राहिल्या, पण ओरडल्या नाहीत. मी डोळा लावला. प्रत्येक लेकीचं पोट अंड्यांनी गच्च भरलेलं.

मला भीती वाटली. एवढ्या उकाड्यात, तुकडा आईकडेही असला तरच लेकी अशा धडधाकट निपजतात.

"मावशी, आत कोण शिरलं?"

"माझ्याच पोरी होत्या गं," त्या म्हणाल्या. "आजोळी सोडल्या होत्या." मग सगळं सांगितलं.

बाटली होती तशीच दिसत होती. तेच लाल डोळे, काचेवरची तीच चढउतार. उलट माश्या कधी नव्हे इतक्या तरतरीत. मावशींनी कापसाचा बोळा काढला आणि परत लावलाच नाही. मला वाटलं, आता सगळ्या उडून जातील. एकही बाहेर आली नाही. खिडकीतल्याच माश्या एकेक करून आत उतरल्या.

मावशींनी बाटली उजेडात धरून माझ्यापुढे केली.

"यातल्या माझ्या कुठल्या, सांग बघू."