न केलेल्या पापांची कबुली

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका मंगळवारी माझी बायको वारली. शनिवारी इन्स्पेक्टरकाका घरी आले आणि त्यांनी माझं पाप कबूल केलं.

न केलेल्या पापांची कबुली देण्यात काकांचा हात धरणारा माणूस सबंध नाशकात सापडला नसता. केलेल्या पापांची कबुली देणारेही आमच्या ख्रिस्ती मंडळीत तसे कमीच, त्यामुळे सगळा भार काकांवर पडला असावा. त्यांच्या नावाचा पोलिसांशी काही संबंध नव्हता. ते अंबडच्या एका फाउंड्रीत तपासणीला होते. ओतीव भागावर छोटी हातोडी मारायची आणि कान लावून ऐकायचं. आत तडा असला की आवाज बसका येतो. निवृत्तीनंतर हातोडी गेली, सवय राहिली. खुर्चीवर बसण्यापूर्वी, दारातून आत येण्यापूर्वी, क्वचित एखाद्याच्या खांद्यावरसुद्धा ते बोटाच्या पेराने टक् टक् करत आणि मान कलती करून ऐकत. नुकत्याच बदलून आलेल्या एका बँकवाल्याने हसत विचारलं, "काय सापडलं, काका?" काका म्हणाले, "तडा आहे. पण घाबरू नका, बिनतड्याचा पीस अजून माझ्या हातात आलेला नाही." तो गृहस्थ पुढे कित्येक रविवार उपासनेला फिरकला नाही.

रविवारच्या उपासनेत पापांगीकाराच्या प्रार्थनेआधी आमचे पाळक क्षणभर थांबतात. प्रत्येकाने आपापलं पाप मनात आठवावं, अशी अपेक्षा असते. बहुतेक जण त्या वेळात कुठला पंखा बंद आहे ते पाहून घेतात. काका मात्र उठून उभे राहत आणि मोठ्याने बोलत. एका नाताळाआधी स्त्रीमंडळाने केलेल्या करंज्यांचा डबा निम्मा झाला होता. काका उभे राहिले. "डब्यात हात मी घातला. दोनदा. दुसऱ्या खेपेला तर हात धुतलेही नव्हते." काकांना कित्येक वर्षांचा मधुमेह, शिवाय तोंडात कवळी. पाळकीणबाईंनी मान वळवून पाहिलं ते काकांकडे नाही, वेदीकडे. पाळकसाहेबांना खोकल्याची उबळ आली. सगळे हसले, मीही हसलो. मग माझ्या लक्षात आलं की ती वाक्यं काका स्वतःच्या आवाजात बोललेच नव्हते. शब्दाच्या शेवटी घेतलेला श्वाससुद्धा पाळकसाहेबांचा होता.

पुढे पुढे हसणं कमी झालं. द्वारका चौकाजवळच्या एका घरातले आजोबा गेले, तेव्हा काका त्यांच्या उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, "दुपारची गोळी मी दिली नाही. मला कंटाळा आला होता." आवाज बाईचा नव्हता, पण बाईचा नव्हता असंही छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्या घरातली सून हातातला तांब्या सोडून मटकन खाली बसली. ही गोष्ट तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती, हे पुढे तिनेच सांगितलं. आणि सांगितल्यावर पहिल्यांदा नीट जेवले, असंही सांगितलं. पण लोकांनी धसका घेतला तो घेतलाच. काका कोपऱ्यावर दिसले की माणसं रस्ता बदलत, दारं लोटून घेत. "प्रभू येतोय म्हटलं तरी एवढी धावपळ व्हायची नाही," पाळकीणबाई म्हणाल्या. शेवटी पाळकसाहेबांनी त्यांना बसवून घेतलं. "काका, जगाची पापं वाहणारा एकच. ते काम क्रूसावर एकदा झालं आणि पुरं झालं. तुम्ही परत कशाला करता?"

"झालंय की, साहेब," काका म्हणाले. "पण ज्याच्यासाठी झालं तो पत्त्यावर सापडत नाही ना. जो तो म्हणतो, तो मी नव्हेच."

आता माझ्याकडे येतो. माझी बायको देवळ्याकडच्या एका शेतकरी कुटुंबातली. तिने बाप्तिस्मा घेतला आणि माझ्याशी लग्न केलं, त्यानंतर तिच्या थोरल्या भावाने अठरा वर्षं आमच्या घराचं पाणी घेतलं नाही. ती दर दिवाळीला त्याच्यासाठी प्रार्थना करायची. मी शेजारी बसून पुस्तक वाचायचो. तिच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "सुमनला द्या जरा," एवढंच तो म्हणाला. ती पलंगावर जागी होती. माझ्या मनात आलं, अठरा वर्षांनी सुचलं का? मी म्हणालो, "ती झोपली आहे. नंतर करा." आतून तिने विचारलं, "कोण होतं?" मी म्हणालो, "राँग नंबर." नंतर म्हणून जो दिवस असतो तो आलाच नाही.

शनिवारी सांत्वनाची प्रार्थना होती. माझे हे मेहुणे आले होते, भिंतीला टेकून बसले होते. प्रार्थना संपता संपता काका उठले, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ती झोपली नव्हती. जागी होती. फोन मी घेतला होता." तो माझा आवाज होता. मी बोलण्याआधी घसा साफ करतो, तेही त्यात होतं. मी स्वतः माझ्या तोंडाला हात लावून पाहिला. ओठ मिटलेले होते. मेहुण्यांनी तो आवाज ओळखला, फोनवरचा तोच; माझ्याशी ते त्या दिवशी अजून बोललेच नव्हते. ते उठले आणि त्यांनी काकांची कॉलर धरली. "म्हाताऱ्या, तुझं काय बिघडवलं व्हतं रे आम्ही?" काका गदागदा हलत होते आणि माझ्याकडे पाहतही नव्हते. मी पाहत होतो. मी एक शब्द बोललो नाही.

महिनाभराने मी काकांच्या घरी गेलो. विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"मला काही कळत नाही हो, सर. माशाचा काटा अडकावा तसं घशात येतं. बोललो की मोकळं होतं. कुणाचं आहे ते मला ठाऊक नसतं. मी धरून चालतो की माझंच असेल. माझ्याच्यानं होणार नाही असं पाप मला तरी अजून आढळलेलं नाही."

"ते माझं होतं," मी म्हणालो. माझा आवाज मला परका वाटला.

"असेल. ज्याने उचलायचं त्याने ते कधीच उचललंय, सर. मी नव्हे, मी आपला मधला हमाल. तुमच्याकडे फक्त सांगायचं राहिलंय."

ते सांगायला मला ऑगस्ट उजाडला. मेहुणे गावी कांदे साठवायच्या चाळीत सडका माल निवडत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"म्हंजे मी त्या म्हाताऱ्याला उगाच..."

"हो."

"आन् तुम्ही बघत व्हते?"

"हो."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "मला वाटलं, तीच नको म्हनली आसंल," ते म्हणाले. "फोन ठिवल्याव काय बोलली ती?"

"'कोण होतं?' म्हणाली."

"इच्यारलं व्हतं तिनं?"

"हो. विचारलं होतं."

त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडून तोंड पुसलं आणि पुन्हा कांदे निवडायला बसले. मला ना बस म्हणाले, ना जा.

परत आल्यावर मी काकांना हे सांगायला गेलो. ते लक्ष देऊन ऐकत राहिले आणि अखेरीस म्हणाले, "कुठला फोन, सर? मी तुमच्या मेहुण्यांना कधी भेटलो?" थट्टा करत नव्हते. दिवाळीच्या सुमारास ते झोपेत गेले. दफनाला एवढी गर्दी होती की रस्ता बदलणारे सगळे एकाच वेळी एकाच रस्त्याला लागलेत असं वाटलं. पाळकसाहेबांनी त्यांच्याबद्दल कोणी दोन शब्द बोलावेत म्हणून विचारलं. काकांनी स्वतः केलेलं एखादं पाप कोणालाच आठवेना. "असणार तर नक्कीच," पाळकसाहेब म्हणाले, "पण आता आपल्या पापांतून ती वेगळी कशी काढायची?"

मेहुण्यांनी मला क्षमा केली की नाही, हे ते बोललेले नाहीत. गेल्या महिन्यात त्यांनी गावच्या टेम्पोतून कांद्यांची एक गोणी पाठवली. मी एकटा आहे. शेजारीपाजारी वाटून झाले, तरी अजून अर्धी गोणी स्वयंपाकघरात आहे.