उक्ती लागण

टोळीत सगळ्यात हळू हात माझ्या आईचा होता आणि मला तिची लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकते.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मांडवगणच्या शिवारात कांद्याची लागण चालू होती आणि आमच्या वस्तीतल्या दहा बायकांनी एका वावराची लागण उक्ती घेतली होती. उक्ती म्हणजे रोजाच्या मजुरीवर नाही, एकराचा भाव आधीच ठरवून. जितकं लवकर उरकेल, तितकं लवकर दुसरं वावर धरायचं. त्यामुळे भिजलेल्या वाफ्यात सगळ्यांचे अंगठे नुसते पळत होते. माझेही. रोप टेकवलं, दाबलं, पुढं. एका जागी दोन गेली, मूळ वर दुमडलं, तरी मागं बघायचं नाही. मातीखालचं कोण उकरून पाहतंय!

आई प्रत्येक मूळ बोटानं सरळ करूनच चिखलात सोडायची. वर माझ्या ओळीत आडवं पडलेलं रोपही उचलून नीट लावायची.

टोळी सांभाळणारी मावशी तोंडाची फटकळ. तिसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली, “अक्का, तुझ्यापायी आमी समद्या खोळंबतोय. उद्यापासनं नगं येऊस. पोरीला तेवढी धाड.”

आई “बरं” म्हणाली आणि पाटात हात धुऊन आली. पिकअपमध्ये वाटभर मीच तिच्यावर करवादले. आता हंगामभर तुला कुणी बोलावणार नाही, एवढं काय अडलं होतं?

“रोपाला काय ठावं,” ती म्हणाली, “उक्तं हाय का रोजानं?”

आज सणसवाडीच्या कंपनीत शिफ्टचं टार्गेट गाठायला पळताना हे मधेच आठवतं आणि हात सावरतो. तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं होतं.

पुढचे दिवस मी टोळीबरोबर गेले. कंबरेचा काटा ढिला झाला, घरी येऊन मी सगळ्यांवर खेकसायचे. एका संध्याकाळी आले तर आई घरामागच्या एवढ्याशा पट्टीत उरलेली रोपं लावत बसली होती. मी आलेली तिला कळलंच नाही. मूळ सरळ करायची, अंगठ्यानं दाबायची, क्षणभर बघायची. ना कुणी भाव देणार होतं, ना कुणी बघणार होतं. तरी तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मी मागच्या दारातच थांबले. काम तेच. त्यानं मी पिचले होते आणि ही भरून चालली होती. मला या बाईचा थांग लागेना. खरं सांगते, थोडी भीतीच वाटली, घोडनदीला पाणी आल्यावर काठावर वाटते तशी.

आठवड्यानं मावशी दारात आली. नजर इकडंतिकडं. तिचं स्वतःचं अर्धा एकर रान भिजवून तयार होतं.

“अक्का, उद्या येतीस का? रोजानं. तुला लागंल तेवढा टाईम घे.”

“यीन की,” आई म्हणाली. राग नाही, टोमणा नाही.

“मावशी, मीपण येते,” मी म्हणाले.

मावशीनं माझ्याकडं नीट पाहिलं.

“तू नगं,” ती म्हणाली. “माझं घरचं रान हाय.”