हा नकाशा कुठून आणलास?

गेल्या शनिवारी माझी सोलो क्रॉस-कंट्री होती... म्हणजे इन्स्ट्रक्टर शेजारी नसताना, एकटीने विमान घेऊन दुसऱ्या गावच्या एअरपोर्टवर जायचं आणि परत यायचं. आठवडाभर इथे परदेशात, शॉमबर्ग गावातल्या ऑफिसात कोडिंग आणि वीकेंडला फ्लाइंग, असं माझं वर्षभर चाललंय.

रूट मी आदल्या दिवशीच आखला होता. नकाशा फ्लाइंग क्लबमधल्या एका मित्राने दिलेला... त्याचं लायसन्स झालं, आता नको म्हणाला. एकदम कोराकरकरीत होता.

माझी इन्स्ट्रक्टर डेब्रा साठीच्या पुढची, मोजकंच बोलणारी. ढग जरा खाली होते, त्यामुळे मी कमी उंचीवरून जायचं ठरवलं होतं. निघण्याआधी तपासायला तिने नकाशा उलगडला, कोपऱ्यातली तारीख वाचली आणि शांतपणे विचारलं, “हा कुठून आणलास?”

मी सांगितलं. ती रागावली नाही. लॅपटॉपवर सरकारी विमान खात्याची वेबसाइट उघडून दाखवली... नकाशे, एअरपोर्टची माहिती, नियम, आमची हँडबुक्स, सगळं तिथे फुकट. ती स्वतः शिकवायलाही तिथूनच घेते. नकाशे दर दोनेक महिन्यांनी बदलतात म्हणे, जुना कितीही नवा दिसला तरी तो जुनाच.

ताजा नकाशा तिने माझ्या नकाशाशेजारी ठेवला. माझी पेन्सिलची रेघ जिथून जात होती, नेमका तिथेच एक नवा टॉवर... मी ठरवलेल्या उंचीपेक्षाही उंच.

आज कॅन्सल करूया, म्हटलं मी.

“जाऊ नकोस असं कुठे म्हणतेय?” डेब्रा म्हणाली. “रेघ पुन्हा आख.”

आखली. तिने दोनदा तपासली, सही केली आणि मी निघाले.

अर्ध्या वाटेवर डावीकडे, बऱ्याच अंतरावर तो टॉवर दिसला. धुरकट हवेत सुईसारखा बारीक... तिथे आहे हे माहीत नसतं, तर मला वेळेत दिसलाच नसता. कंट्रोलवर हात स्थिर ठेवून मी तशीच पुढे गेले. दोन्ही लँडिंग्ज छान झाली.

परत आल्यावर डेब्राला मिठी मारली. तिला ते फारसं आवडत नाही, पण त्या दिवशी चालवून घेतलं तिने.

नागपूरहून आलेल्या माझ्यासारखीसाठीही हा देश सगळी माहिती खुली ठेवतो, याचं कौतुक आहेच. पण ती कुठे आहे हे न ओरडता दाखवणारं माणूस भेटायला नशीब लागतं... मला ते भेटलं.