विसावं निरीक्षण

कोणाशीही बोलण्याआधी बाई थोड्या वाकतात. समोर टपाल खात्यातला सहा फुटी कारकून असला तरी. बसमधून उतरल्यावर मागे वळून डोकी मोजतात. कोणाच्या पेन्सिलीला टोक नसेल तर न विचारता करून देतात. पोळी असो की पाव, चार तुकडे केल्याशिवाय कोणाच्या ताटात पडत नाही. घराबाहेर पडताना सगळ्यांना विचारतात, "शूला जाऊन आलात का?" होणाऱ्या जावयालाही विचारलं होतं, लग्न ठरवायच्या बैठकीत. तो निमूट जाऊन आला. लग्न ठरलं.

बाईंचं वय बावन्न. त्यातली सव्वीस वर्षं शिशुवर्गात गेली. मग नियम आला. शिशुवर्ग सांभाळायचा तर बालशिक्षणातली पदव्युत्तर पदवी हवी. मुदत दोन वर्षं. नाही मिळाली तर वर्ग दुसऱ्या कोणाला, आणि बाई त्याच वर्गात मदतनीस.

"मग सव्वीस वर्षं काय गोट्या खेळत होतीस?" नवरा म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करतो. नियम बनवणाऱ्यांवर त्याचा कधीच विश्वास नव्हता.

"हो, गोट्याच. लाल एकीकडे, निळ्या एकीकडे," बाई म्हणाल्या आणि अर्ज भरायला बसल्या.

संध्याकाळच्या तासांना त्या पहिल्या बाकावर बसायच्या. बाकीच्या विद्यार्थिनी त्यांच्या मुलीच्या वयाच्या. आई गेटवर सोडून गेली की मूल हंबरडा फोडतं, याला बाई आजवर रडणं म्हणत होत्या. पुस्तकात त्याला विलगतेची चिंता म्हणत आणि त्यावर आठ गुणांचा प्रश्न होता. बाईंना तीन मिळाले. व्याख्या लिहायची सोडून त्यांनी उपाय लिहिला होता.

तरी पेपर निघाले. घोडं अडलं प्रबंधापाशी.

मार्गदर्शक मॅडम एकतीस वर्षांच्या, हुशार आणि मनाने चांगल्या. लहान मुलांवर त्यांनी पुष्कळ लिहिलं होतं. त्यांना लहान मुलांची थोडी भीती वाटायची. त्यांनी काम नेमून दिलं. एकच मूल निवडायचं. त्याची वीस निरीक्षणं, प्रत्येक वीस मिनिटांचं. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, हात लावायचा नाही. मिनिटामिनिटाची नोंद करायची.

बाईंनी साहेबांना निवडलं. साहेब चार वर्षांचे. हात मागे बांधून वर्गभर फिरायचे, सगळ्यांची चित्रं तपासायचे आणि बोलायचे नाहीत. शाळा सुरू होऊन चार महिने झाले होते, वर्गात एक शब्द नाही. "घरी याचं तोंड बंद होत नाही हो," आई सांगायची.

पहिला कागद मॅडमनी मोठ्याने वाचला. "सहावं मिनिट. मुलाच्या बुटाची नाडी सुटली. सातवं मिनिट. नाडी बांधली." त्यांनी मान वर केली. "कोणी बांधली?"

"मीच. अजून कोण बांधणार?"

"मग तेव्हा निरीक्षण कोण करत होतं?"

बाई जरा वाकल्या. "मॅडम, पडला असता हो तो."

"तर तेही लिहायचं होतं."

पहिले चार कागद असे बाद झाले. एकात नाक पुसलं होतं, एकात डबा उघडून दिला होता. पाचव्यापासून बाईंनी कानाला खडा लावला. वर्ग मदतनीस मावशींच्या हवाली केला, डावा हात मांडीखाली दाबून धरला आणि कोपऱ्यात बसल्या.

मुलांनी दोन दिवस पाहिलं. मग त्यांना कळलं. बाईंना शिक्षा झाली आहे.

दुसरं काय असणार? कोपऱ्यात एकटं बसायचं, कोणाशी बोलायचं नाही. एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "सॉरी म्हण ना. मग सोडतात." कोणी कागदावर अर्धं बिस्कीट ठेवून गेलं. मावशींकडे सगळे रागाने बघू लागले.

"बाई, तुमचं शिक्षण होईल, पण माझी अब्रू जाईल," मावशी म्हणाल्या. "कालपासून माझ्या हातचं पाणीसुद्धा पीत नाहीत कार्टी."

बाई हसल्या नाहीत. चौदावं मिनिट चालू होतं.

बाद झालेली चार पुन्हा करून एकोणीस निरीक्षणं पूर्ण झाली. स्वच्छ, एक बोट न लावलेली. मॅडम खूश झाल्या. त्यांनी शेरा लिहिला, 'निरीक्षक पूर्णपणे अदृश्य.' बाईंनी तो घरी दाखवला.

"अदृश्य?" नवरा पोळी लाटता लाटता म्हणाला. "मग ताट कोणासमोर ठेवू?"

विसावं निरीक्षण प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी होतं. साहेब दहा मिनिटं फिरले. अकराव्या मिनिटाला त्यांनी एक छोटी खुर्ची उचलली, ओढत कोपऱ्यात आणली, बाईंच्या खुर्चीला चिकटून लावली आणि वर्गाकडे तोंड करून बसले. जरा वेळाने म्हणाले,

"मी पण काही नाही केलं."

त्या वर्गातलं त्यांचं हे पहिलं वाक्य. ते जसंच्या तसं, वेळेसकट उतरवून घ्यायचं आणि नजर खाली ठेवायची, एवढंच बाईंना करायचं होतं. वर्ग, पदवी, सव्वीस वर्षं, सगळं त्या नऊ मिनिटांवर होतं.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि वाकल्या. "मग तू इथे का बसलायस?"

"तू बसलीस म्हणून."

पुढे दोघं बराच वेळ बोलत होते. मावशींनी अधूनमधून ऐकलं. कुत्र्याचं काहीतरी होतं, आणि लिफ्टमध्ये अडकलेल्या कोणत्या तरी काकाचं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी अर्धा कागद बराच वेळ हातात धरला. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाई, उरलेली मिनिटं आठवून भरा. मी काही विचारणार नाही."

"आठवायला मी बघत कुठे होते, मॅडम? मी बोलत होते."

मुदत गेली. वर्गावर पदवीधर शिक्षिका आली. पोरगी गुणी आहे. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "मावशी, तो मुलगा तुमच्याशीच पहिल्यांदा बोलला म्हणे. काय केलंत तुम्ही?"

"गप्प बसले," बाई म्हणाल्या. त्यांना आता मावशी म्हणतात. आधीच्या मावशींना त्यामुळे मोठ्या मावशी व्हावं लागलं, आणि त्या बढतीबद्दल त्यांची काही तक्रार नाही.

मॅडमनी विद्यापीठात भांडून प्रबंधाला वर्षभराची मुदतवाढ मिळवली. एकच निरीक्षण राहिलं आहे. मूल मात्र तेच हवं. मॅडम दर महिन्याला फोन करतात. "हो, करते," बाई म्हणतात. दोनदा त्या साहेबांच्या नव्या वर्गात कोपऱ्यात जाऊन बसल्याही. दोन्ही वेळा साहेब तिसऱ्या मिनिटाला खुर्ची घेऊन आले.

कागद फायलीत आहे. वर तारीख, खाली दहा मिनिटांच्या नोंदी. मग 'अकरावं मिनिट. मूल खुर्ची घेऊन', आणि पुढे रिकाम्या रेघा.