इटलीच्या सायकलपटूचा लातुरातला बॅनर

लातुरात त्या इटालियन सायकलपटूचा माझ्याएवढा चाहता दुसरा नाही. दुसरं कुणी त्याला ओळखतच नाही, त्यामुळे हा मान मला बिनविरोध मिळाला. तरुणपणी त्याने एक मोठी शर्यत जिंकली आणि पुढची सगळी वर्षं संघातल्या वरचढ गड्यांना पाण्याच्या बाटल्या पोचवण्यात घालवली. जिंकणं थांबलं तशी त्याची लोकप्रियता मात्र वाढत गेली. घाटातल्या रस्त्यावर लोक त्याचं नाव रंगवून ठेवायचे. मी ते मोबाइलवर बघायचो आणि कोचिंग क्लासमध्ये घर्षण शिकवताना त्याचीच उदाहरणं द्यायचो. त्याच्यापायी मीही गिअरची सायकल घेतली, जवळच्याच मुरुडपर्यंत गेलो आणि एसटीच्या टपावर सायकल टाकून परत आलो.

यंदा त्याने निवृत्ती जाहीर केली. आणि काय नवल, शेवटच्या शर्यतीत शेवटचा दिवस उरला असताना गडी आघाडीवर! आमच्याकडे मतमोजणीच्या आधीच विजयाचे बॅनर छापून तयार असतात. मीही त्याच रिवाजाने ‘दणदणीत विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन’ छापून घेतलं आणि सकाळीच चौकात टांगलं. वर सायकलवर तो, खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेला मी. डिझाइनवाल्याने माझा फोटो त्याच्याहून मोठा घेतला होता. मी नको म्हटलं नाही. बायको म्हणाली, निकाल तर लागू द्या. मी तिला म्हणालो, तुला सायकलिंगमधलं काय कळतं?

संध्याकाळी एका उतारावर तो पडला. मी तिथल्या तिथे मोबाइल बंद केला. काळजी लागली ती चौकातल्या बॅनरची. उद्या क्लासची पोरं काय म्हणतील, याच विचारात मी जेवलोसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बॅनर उतरवायला स्टूल घेऊन चौकात गेलो. समोरच्या हॉटेलवाल्या काकांनी मला गाठलंच. पोरांकडून त्यांना सगळं कळलं होतं.

“सर, तुमचा पाव्हणा पडला म्हणं.”

आता टोमणा येणार म्हणून मी खुलासा जुळवायला लागलो. काका जवळ आले.

“लई लागलं का त्याला?”

माहीत नाही, असं कसंबसं म्हणालो.

“मग इचारा की फोन करून. बॅनर काय, राहू द्या. पडला म्हणून सोयरीक तुटती का?”

मी स्टूल उचलून घरी आलो आणि शर्यत जिथे सोडली होती तिथून पुढे लावली. कपडे फाटलेले, कोपरातून रक्त येतंय, असा तो सगळ्यांत शेवटी पोचला. जिंकणारा कधीच निघून गेला होता. गर्दी मात्र त्याच्यासाठी तशीच उभी होती, म्हातारी माणसंसुद्धा. मला फार लाज वाटली. त्याचा एवढा मोठा चाहता म्हणवणारा मीच तेवढा उठून गेलो होतो.